भाऊजींचं शेवाळ

ज्यांना स्वतःला स्वस्थ बसता येत नाही अशी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण जी वस्तू आपली आपण सुखानं बसली आहे तिलाही स्वस्थ बसू न देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या घरी आम्ही आमची सख्खी थोरली बहीण दिली आहे. हे माझे नागपूरजवळच्या सौंसरचे भाऊजी. घड्याळ बरोबर चालत असेल तर ते इतकं बरोबर कसं चालतं हे बघायला ते उघडतात. पंखा आवाज करत नसेल तर त्याच्या गप्प बसण्याचं कारण शोधायला स्टूल लावून वर चढतात. परसात लावलेला भुईमूग त्यांनी आजवर कधी पिकू दिलेला नाही, कारण मातीखाली शेंगा धरल्या की नाही हे दर चौथ्या दिवशी उपटून बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. बघून झालं की रोप पुन्हा रोवतात, वर तांब्याभर पाणी घालतात, आणि ते वाळलं की बियाणेवाल्याला नावं ठेवतात. संत्र्याचं एक कलम त्यांनी तीन वर्षांत चार जागी हलवलं. ताई म्हणते, "बिचारं झाड, बदलीची ऑर्डर हातात घेऊनच जल्माले आलं."

भाऊजी नोकरीला होते पाणीपुरवठ्याच्या खात्यात. रामाकोना, बोरगाव आणि आसपासच्या खेड्यांतले हँडपंप त्यांच्या ताब्यात. सायकलवर पाने आणि साखळदंड लादून ते उन्हातान्हात फिरायचे आणि पंपाच्या दांड्याला कान लावून आत काय झिजलंय ते सांगायचे. तिथे त्यांच्या या खोडीचं सोनं झालं. जो पंप बिघडलेला नाही तोही ते उघडायचे, त्यामुळे त्यांच्या हद्दीतला पंप सहसा बिघडायचा नाही. पण नोकरीनं त्यांना आणखी एक सवय लावली. ते पाणी चाखतात. कोणाच्याही घरी गेले आणि पाण्याचा पेला हातात आला की पहिला घोट तोंडात घोळवतात, छताकडे बघतात, आणि मग निकाल देतात. "बोअर दोनशे फुटाच्या वरतं नाही. मोटर काढा, गाळ आला आहे." लोक आधी रागावतात, मग मोटर काढतात, आणि गाळ निघाला की चहाला बोलावतात.

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही मोहगावला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोहे यायच्या आधी पाणी आलं. भाऊजींनी घोट घेतला आणि होणाऱ्या सासऱ्यांना गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या विहिरीत मोरीचं पानी उतरून राहिलं." सासरे गोरेमोरे झाले. ताईनं डोळे वटारले. पण तोवर भाऊजी परसात पोचले होते आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बैठकीत आली तेव्हा बैठक रिकामी होती. शेवटी ती ताटली घेऊन परसात आली, आणि तिनं मला पहिल्यांदा पाहिलं ते असं, की बाह्या वर केलेल्या, हातात पाना, पायाशी चिखल. लग्न जमलं. बायको अजून म्हणते की मास्तर म्हणून सांगितलं आणि मिस्त्री पदरात पडला. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवतो, म्हणून भाऊजी मला त्या दिवसापासून 'मास्तर' म्हणतात, आणि त्यात थोडी कीव असते.

निवृत्त झाल्यावर पंप सुटले आणि सगळा मारा घरावर आला. हे ताईनं कसं सोसलं हा एक वेगळा विषय आहे. पण मागल्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, हाड नीट बसलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "हाड जुळलंय. आता यांना चालवा. आता चालल्या नाहीत तर पुढं खुर्चीच्याच होऊन जातील." पण ताईच्या मनात भीती बसली होती. जी बाई तीन लेकरं मोठी करताना कधी खाली टेकली नाही, ती खुर्चीतून उठायचं नाव काढेना. "पाय टेकवला का मी पडतो," एवढंच म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. जेवणही बोटांनी चिवडायची.

भाऊजींनी आपल्या परीनं उपाय केला. डॉक्टरांनी दिलेला चार पायांचा वॉकर त्यांना फार जड वाटला. त्यांनी त्याला जुन्या ऑफिसच्या खुर्चीची चाकं बसवली. ताईनं भीतभीत हात ठेवला, वॉकर निघाला, आणि ताईसकट दाराकडे धावला. भाऊजींनी तिला अर्ध्यात धरलं म्हणून पडली नाही. पण त्यानंतर तिनं वॉकरकडे बघणंसुद्धा सोडलं. चाकं त्याच दिवशी निघाली, भीती निघाली नाही. पुढचा आठवडाभर भाऊजींनी घरातली एकही वस्तू उघडली नाही, यावरून काय ते समजावं.

मग पुढच्या तपासणीला ते दोघं नागपूरला गेले. डॉक्टरांच्या बैठकीत एक काचेचं मोठं टाकं होतं, खाऱ्या पाण्याचं. आत खडक, खडकांवर फुलांसारखी डोलणारी पोवळी, आणि त्यांतून हिंडणारे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे. ताई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नंबर लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "अवो, हे मासे पाहा ना. अगदी संत्र्याच्या फोडीवानी दिसून राहिले."

कित्येक आठवड्यांत ताई पहिल्यांदा स्वतःहून काही बोलली होती. भाऊजी त्याच दुपारी तिला गाडीत बसवून नागपूरच्या एका मासेवाल्याच्या दुकानात शिरले आणि संध्याकाळी समुद्र ठरवून बाहेर पडले.

सौंसरपासून समुद्र किती लांब आहे हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे मीठसुद्धा गाडीनं येतं. त्यामुळे टाकं आलं तेव्हा आख्खी गल्ली जमली. भाऊजींनी पोत्यातून खडक काढले आणि हे 'जिवंत दगड' आहेत असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या किराणावाल्यानं एक दगड हातात घेऊन कानाला लावला. "जिवंत हाय म्हनता, पन आवाज तं करून नाही राहिला." मग त्यांनी खास मिठाची बादली दाखवली, तेव्हा तो दुखावला. "भाऊ, मीठ माह्या दुकानात नव्हतं का?" टाकं ताईच्या खुर्चीसमोर मांडलं गेलं. पाणी अर्थातच घरच्या विहिरीचं. मासेवाल्यानं गाळलेलं, निव्वळ शुद्ध पाणी वापरायला सांगितलं होतं, पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्याला नावं ठेवली तो स्वतःच्या विहिरीचा अपमान कसा करील? "माह्या विहिरीचं पानी इकडं एक नंबर आहे," असं म्हणून त्यांनी बादल्या ओतल्या.

मासेवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती भाऊजींच्या स्वभावाला सर्वांत कठीण होती. थांबा. नव्या टाक्यातलं पाणी महिना-दीड महिना नुसतं फिरू द्या, मुरू द्या, मासे नंतर. भाऊजींनी थांबण्याचा अर्थ दिवसातून तीनदा फोन करणं असा घेतला. "मासेवाले भाऊ, आज काय दिसाले पाहिजे?" "काही नाही साहेब." "मंग काही दिसून नाही राहिलं." "बरोबर आहे साहेब." "पन काहून दिसून नाही राहिलं?" तो मासेवाला धंद्यापेक्षा तपश्चर्येला जास्त योग्य असावा. त्यानं एकदाही फोन आपटला नाही.

शेवटी मासे आले. दोन केशरी. ताईनं त्यांची नावं ठेवली आंबिया आणि मृग. संत्र्याचे हेच दोन बहर, आमच्याकडच्या लेकरालाही ठाऊक असलेले. चार-पाच शंखांच्या गोगलगायी आल्या, तीन मऊ पोवळी आली. दोन दिवस घरात दिवाळी होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खडकांवर, वाळूवर, काचेवर तपकिरी भुकटी पसरली, जणू कोणी रात्रीतून आत कॉफी सांडली होती.

मासेवाला म्हणाला, "नवीन टाक्याला येतंच साहेब. कच्च्या पाण्यानं जास्त येतं. पाणी बदला आणि थांबा." विहिरीच्या पाण्याला 'कच्चं' म्हटलेलं भाऊजींना फार लागलं. तरी त्यांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र आणलं. ते बसवताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू मुलगी पळून गेली आणि आता जावयाला जेवायला वाढायचं आहे. भुकटी गेली. मग हिरवे केस आले. खडकांवर बोटभर लांबीचं मऊ शेवाळ, पाण्याबरोबर डोलणारं. भाऊजींनी त्याच्याशी युद्ध पुकारलं. दात घासायचे ब्रश एकेक करून टाक्याकडे गेले. मी एका रविवारी मुक्कामाला गेलो होतो, सकाळी माझा ब्रश सापडेना. भाऊजी कोपरापर्यंत हात टाक्यात घालून त्यानं खडक घासत होते. "मास्तर, तुहा ब्रश मस्त आहे गा. दाते कडक आहेत." खाली वाळूत साचलेला गाळ काढायला ते रबरी नळी तोंडानं ओढायचे, आणि जुन्या सवयीनं तो घोट लगेच थुंकायचे नाहीत. तोंडात घोळवायचे, छताकडे बघायचे, आणि मग थुंकून म्हणायचे, "आज मीठ जरा जास्त आहे."

या सगळ्यात एकट्या ताईला ते शेवाळ आवडलं. "कसं हिरवंगार झालं! गहू उगवल्यावानी. कायले काढून राहिले तुम्ही?" भाऊजी कपाळाला हात लावायचे. ज्यापायी ते रक्त आटवत होते ते बायको शेतासारखं कौतुकानं बघत होती. त्यांनी शेवाळ काढायचं, तिनं हळहळायचं, आणि चार दिवसांत ते पुन्हा यायचं. दिव्याची वेळ अर्धी केली, तरी आलं. गोगलगायी वाढवल्या, तरी आलं. खिडकीतून ऊन येतं म्हणून खिडकीला काळा कागद लावला, तर ताईला बाहेर दिसेना. तो काढावा लागला आणि शेवाळ होतं तिथेच होतं. वर वाळूवर लाल चिकट थर धरायला लागला. पोवळी आक्रसली. मासेवाल्यानं सांगितलं की पोवळी शेवाळाखाली गुदमरतात, असंच चाललं तर ती जातील, आणि पाणी सडलं तर मासेही.

भाऊजी रोज पाणी तपासायचे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. रंग जितका गडद तितकी पाण्यात घाण जास्त. ते नळी ताईसमोर धरायचे. "कोनता रंग?" ताई म्हणायची, "रानी कलर." रोज राणी कलर. गडद गुलाबी. भाऊजींनी मिठावर संशय घेतला, यंत्रावर घेतला, शेजारच्यांच्या उदबत्तीवर घेतला. शेवटी मासेवाला म्हणाला, "साहेब, राग मानू नका. एवढी घाण खाण्यातूनच येते. तुम्ही किती खायला घालता?"

"दोन चिमट्या. एक सकाळी, एक संध्याकाळी. मोजून."

"घरात आणखी कोणी गुपचूप टाकतं का?"

"छे! घरात आम्ही दोघंच," भाऊजी म्हणाले. "एक मी, आन एक खुर्चीत."

मग मासेवाल्यानं शेवटचा उपाय सांगितला. तीन दिवस टाकं पूर्ण झाकून ठेवा, दिवा बंद, उजेड नको. शेवाळ उजेडावर जगतं, अंधारात मरेल. मासे तीन दिवस काढतील. भाऊजींनी घरातल्या सगळ्या चादरी आणि दोन घोंगड्या टाक्यावर चढवल्या. बैठकीत काही मोठं, झाकलेलं, अशुभ असं उभं राहिलं. ताई कळवळली. "अवो, तेईले उपाशी ठेवता का आंधारात?" भाऊजी म्हणाले, "तीन दिवसात काही होत नाही." ताई तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी बाजाराला निघाले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. परत आले, चपला काढल्या, आणि दारातच थांबले, कारण आतून ताईचा आवाज येत होता.

"खाऊन घ्या रे बाप्पा, लवकर लवकर. तो येऊन राहिला असंन. काय गुन्हा केला तुम्ही, आंधारात कोंडलं ते?"

ताई उभी होती. खुर्ची तिकडे, वॉकर भिंतीला टेकलेला, आणि ताई टाक्यापाशी. एक हात टेबलाच्या कडेवर, दुसऱ्या हातानं घोंगडीचं टोक उचललेलं, तिथून ती भाकरीचा चुरा आणि त्यावर माशांच्या डबीतले चांगले मूठभर दाणे आत सोडत होती. सोडून झाल्यावर तिनं घोंगडी नीट केली, डबी जिथली तिथे ठेवली, पदरानं टेबलावरचा चुरा पुसला, आणि भिंत धरून, पाय ओढत नाही, उचलून, खुर्चीकडे परत गेली.

"सात पावलं, मास्तर," भाऊजींनी मला नंतर सांगितलं. आम्ही परसात पाण्याच्या टाकीमागे उभे होतो. त्यांना कुजबुजता येत नाही, म्हणून त्यांनी मला इतकं लांब आणलं होतं. "जायची सात, वापसीची सात. आन ते पहिल्या दिवसाचं चालनं नव्हतं गा. पाय सरावलेला होता. मतलब मी बाजारात गेलो का ती रोज उठून राहिली होती. महिनाभरापासून."

"मग तुम्ही काय केलं?"

"चपला हातात घेतल्या आन कोपऱ्यावर गेलो."

कोपऱ्यावर ते थोडा वेळ उभे राहिले. मग खोकत, फाटक वाजवत, किराणावाल्याला मोठ्यानं हाक मारत परत आले. ताई खुर्चीत होती. "इतक्या जल्दी आले?" "चष्मा राहिला." "तुमाले कधी काही याद राहते का?" त्यांनी चष्मा घेतला आणि बाजारात गेले. ज्या माणसानं भुईमुगाला चार दिवस मातीखाली राहू दिलं नाही, त्यानं त्या दिवशी ही गोष्ट पोटात ठेवली. सांगितली असती तर, त्यांचं म्हणणं, ताई लाजली असती, घाबरली असती, 'मी कुठं चालते' म्हणाली असती, आणि खुर्चीला चिकटली असती. संध्याकाळी त्यांनी पाणी तपासलं. राणी कलर. महिनाभरात पहिल्यांदा तो रंग बघून ते हसले. ताई म्हणाली, "खुश काहून होऊन राहिले? आज तं अजून गडद आहे."

पण त्यातून नवीनच पेच आला. ताईचं खाऊ घालणं बंद करायचं नाही, आणि शेवाळ तर आवरायलाच हवं, नाहीतर पोवळी जाणार, मासे जाणार, आणि मासे गेले की सात पावलंही जाणार. भाऊजींनी मासेवाल्याला फोन केला. "भाऊ, टाक्यात खाणं भरमसाट पडन. ते थांबवायचं नाही. शेवाळ तेवढं नको. सांगा." मासेवाला म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही." भाऊजींनी मग खरं काय ते सांगितलं. आणि त्या भल्या माणसानं उपाय दिला. शेवाळ कुठंतरी उगवणारच असेल तर त्याला त्याची जागा द्या. टाक्याच्या शेजारी एक छोटी काचेची पेटी बसवा, तिच्यावर वेगळा दिवा जळता ठेवा, मोठ्या टाक्यातलं पाणी तिच्यातून फिरवा. सगळी घाण तिथलं शेवाळ खाऊन वाढेल, मोठ्या टाक्यात त्याला काही उरणार नाही. आठवड्यातून एकदा ते कापून काढा, म्हणजे झालं.

पेटी बसली. भाऊजींनी पंप जोडला, आणि मासेवाल्यानं बजावून सांगितलं म्हणून दोन महिने त्याला हात लावला नाही. मी स्वतः पाहिलंय, ते पाना घेऊन पेटीपर्यंत यायचे, उभे राहायचे, आणि पाना पाठीमागे धरून परत जायचे. हळूहळू खडक उघडे पडले, लाल थर विरला, पोवळ्यांनी पुन्हा हात पसरले. आणि पेटीत असं गर्द हिरवं शेवाळ माजलं की ताईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "हे माह्यं वावर," असं तिनं जाहीर केलं. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. वावर म्हटल्यावर कापणी आलीच, आणि कापणी काही खुर्चीत बसून होत नाही. दर रविवारी ताई टेबलाला टेकून उभी राहायची, कात्रीनं शेवाळ कापायची, आणि भाऊजी ते गोड्या पाण्यात धुऊन संत्र्याच्या बुडाशी टाकायचे. पहिल्या रविवारी पाच मिनिटं उभी होती. नंतर घड्याळाकडे कोणी बघेना.

आणि डबी फिरायला लागली. माशांच्या खाण्याची डबी आधी टाक्याशेजारी असायची. भाऊजींनी ती मुंग्या लागतात म्हणून खिडकीत ठेवली. मग ऊन लागतं म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर. मग ओल येते म्हणून मागच्या ओसरीतल्या कोनाड्यात. दर वेळी चार-सहा पावलं लांब, आणि दर वेळी बाजारात जायच्या आधी मोठ्यानं जाहीर करून, "मी जाऊन राहिलो वो! तासभर लागन!" मग ते कोपऱ्यावर किराणावाल्याकडे बसायचे आणि घड्याळ बघायचे. चातुर्मासात ताई काठी घेऊन फाटकापर्यंत आली. दिवाळीनंतर भाऊजींच्या हाताला धरून जामसावळीच्या हनुमानाला जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, "छान! व्यायाम नियमित दिसतोय." भाऊजी म्हणाले, "हाव. माशायच्या मेहरबानीनं." डॉक्टरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा भाऊजी पेटीचा दिवा आणायला गेले होते. ताई ओसरीतून डबी घेऊन आली, माझ्यादेखत, निवांत. मी हसलो. ती म्हणाली, "हासून काय राहिला? तुले सांगितलं न त्यानं?"

मी गडबडलो. "काय सांगितलं?"

"अरे, सहा महिन्यात या डबीनं अख्खं घर फिरून घेतलं. डबीले पाय आहेत का?" तिनं चिमूट सोडली. आंबिया आणि मृग वर धावले. "आन तो त्या दिवशी दारात उभा होता ना, चपला घेऊन. आत आंधार होता, घोंगडी उचललेली. काचेत पुरा दिसून राहिला होता. तोंड उघडं होतं त्याचं."

"मग तू बोलली काहून नाही?"

"कायले बोलू? त्याच्या पोटात आजपर्यंत कोनती गोष्ट राहिली आहे? ही राहिली. आता फुटतो का मंग फुटतो असं तोंड करून फिरते तो घरात. लय मजा येते पाहाले." आणि डबीचं झाकण लावत म्हणाली, "त्याले सांगू नको, हं. त्यानं स्वतःहून केलेलं एक काम नीट झालं आहे. होऊ दे."

तेव्हापासून दोघांचीही गुपितं माझ्याकडे आहेत, आणि दोघंही मला वेगवेगळं गाठून शपथ घालतात.

त्या संध्याकाळी भाऊजी मला बसस्टँडवर सोडायला आले. पांढुर्ण्याची बस लागलेली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. आम्ही उभे होतो. दिव्याबद्दल बोलून झालं, पंपाबद्दल बोलून झालं. मग ते एकाएकी म्हणाले, "मास्तर, उन्हाळे सारे माहे बाहीरच गेले. गावागावात पानी आटलं का मी निघालो, ते पाऊस येतपर्यंत. तुही ताई दुपारी घरी काय करते, कोनाशी बोलते, खाते का नाही, मले काही मालूम नव्हतं गा. एवढ्या वर्षात तिले नुसतं, असं, तिले न कळू देता पाह्यलंच नव्हतं कधी. त्या दिवशी दारात पाह्यलं. ती माशायसंग कशी बोलून राहिली होती. मी आवाज नाही दिला, म्हनून ऐकाले भेटलं."

मी म्हटलं, "आता पाहता ना रोज."

"हाव. आता पाहतो." त्यांनी बसच्या पत्र्यावर उगाच हात फिरवला. "पहिले पाहाले पाहिजे होतं."

मग ते खाली वाकले, मागच्या चाकाला दोन चापट्या मारल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "याच्यात हवा कमी आहे. तू चढ. मी त्या ड्रायव्हरले बोलावतो."